डब्यातलं मोकळं पाणी

चैत्रात वणीच्या सप्तशृंग गडाकडे खानदेशातून लोक पायी निघतात. ऐन उन्हात दिवसचे दिवस चालणं. त्यांच्या पिशवीत भाकरी, सुकी चटणी, कांदा, गूळ-शेंगदाणे असतात. वरणभात बांधून कोणी निघत नाही. त्याच दिवसांत शाळांच्या परीक्षा संपतात आणि आम्ही नाशिककर मुलांना घेऊन वॉटर पार्कला किंवा अम्युझमेंट पार्कला निघतो. ऊन तेच असतं, पण आमच्या डिकीत कॅसरॉलभर पुलाव, मटकीची उसळ आणि काकडी-टोमॅटोची सँडविचेस असतात.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आम्ही सात जण कसारा घाट उतरून अशाच एका पार्कला गेलो होतो. बाहेरचं खाणं आत नेता येत नव्हतं, म्हणून डबे पार्किंगमध्ये गाडीतच राहिले. पहाटे पाचला केलेला मटारभात दुपारी दोनला बाहेर येऊन झाडाखाली खाल्ला. चव छान होती, वास अजिबात नव्हता. संध्याकाळी घाट चढताना धाकट्याला उलटी झाली, तेव्हा वळणांमुळे गाडी लागली असेल असं वाटलं. मग मोठीला झाली. इगतपुरीच्या अलीकडे माझ्या भावानेही गाडी थांबवायला सांगितली, आणि त्याला आयुष्यात कधी गाडी लागलेली नाही. तिघांनी भात खाल्ला होता. माझी आई आणि वहिनी यांनी दशमी-चटणीवर भागवलं होतं, त्यांना काही झालं नाही.

आम्ही भाताची तपासणी केली नाही, पण लक्षणं आणि वेळ दोन्ही एका ओळखीच्या जिवाणूकडे बोट दाखवतात. त्याचं नाव बॅसिलस सीरियस. हा मातीतला जिवाणू, तांदळाच्या दाण्यांबरोबर घरात येतो. परिस्थिती बिकट झाली की तो कठीण कवचाचा बीजाणू होऊन बसतो आणि भात शिजताना उकळत्या पाण्यातही तगतो. भात कोमट झाला की कवच सोडून वाढायला लागतो. त्याचा एक प्रकार भातात विष तयार करून ठेवतो, आणि खाल्ल्यानंतर साधारण अर्ध्या तासापासून सहा तासांपर्यंत कधीही उलट्या सुरू होतात. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये उपाहारगृहांतल्या फ्राइड राइसमुळे लोक आजारी पडू लागले, तेव्हा हा प्रकार नीट उलगडला. भात आधी शिजवून तासन् तास बाहेर ठेवलेला असे आणि मागणी आली की परतून दिला जाई. परतून काही उपयोग नव्हता. हे विष 121 अंश सेल्सिअसला दीड तास ठेवलं तरी टिकतं. म्हणून ‘खाताना पुन्हा गरम करू’ या भरवशावर भात नेऊ नये.

यात कॅसरॉलचा वाटा मोठा आहे, आणि तोच लोकांच्या ध्यानात येत नाही. आपण अन्न 60 अंशांच्या वर किंवा 5 अंशांच्या खाली ठेवलं तर बहुतेक रोगकारक जिवाणू वाढत नाहीत. मधला पट्टा धोक्याचा. घरगुती कॅसरॉल गरम भाताला 60 च्या वर काही तास ठेवतं, दिवसभर नाही. त्यानंतर ते अन्नाला थंडही होऊ देत नाही. पन्नास, पंचेचाळीस, चाळीस असं रेंगाळत उतरवतं. नाशिकच्या थंडीत दही लागत नाही म्हणून आपण विरजलेलं दूध कॅसरॉलमध्ये ठेवतोच ना? दह्याच्या जिवाणूंना जी ऊब मानवते, तीच बाकीच्यांनाही मानवते. अशा उबेत काही जिवाणू दर 20 मिनिटांनी दुप्पट होतात. हा वेग टिकला तर एकाचे सहा तासांत 2,62,144 होतात.

मग दशमी खाणाऱ्या दोघी कशा वाचल्या? त्याचं उत्तर पाण्यात आहे. अन्नात किती पाणी आहे यापेक्षा त्यातलं किती पाणी मोकळं आहे, हे महत्त्वाचं. मीठ, साखर, गूळ विरघळले की त्यांचे कण पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात आणि ते पाणी जिवाणूला ओढून घेता येत नाही. 1953 मध्ये विल्यम जेम्स स्कॉट या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की जिवाणूंची वाढ पाण्याच्या प्रमाणापेक्षा या मोकळेपणावर ठरते. त्याचं माप आहे वॉटर ॲक्टिव्हिटी, शून्य ते एक. शुद्ध पाणी म्हणजे 1. शिजलेला भात, उसळ, पनीर हे सगळे एकच्या अगदी जवळ. बहुतेक जिवाणू 0.91 च्या खाली थांबतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा चिवट, तो 0.86 पर्यंत तग धरून वाढतो. 0.6 च्या खाली कोणताच जीव वाढत नाही. शेंगदाण्याची किंवा खोबऱ्या-लसणाची सुकी चटणी, चिवडा, भाजलेले दाणे, खाकरा यांच्यात जिवाणूंच्या कामाचं पाणीच नसतं. नाशिकचा चिवडा प्रवासाला इतका सोयीचा पडतो तो याच कारणाने.

दशमीला मात्र चिवड्यासारखी कोरडी म्हणता येणार नाही. ती मऊ असते, म्हणजे तिच्यात पाणी आहे. पण ती तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेली असते, पातळ असते आणि भराभर निवते, त्यामुळे धोक्याच्या पट्ट्यात ती उकडत बसत नाही. पीठ दुधात भिजवलेलं असतं आणि त्यात मोहन असतं. ती स्निग्धता पिठातल्या स्टार्चला पुन्हा घट्ट जुळू देत नाही, म्हणून ती दुसऱ्या दिवशीही वातड होत नाही. (हे जुळणं फ्रीजच्या तापमानाला सगळ्यात वेगात होतं. फ्रीजमधली पोळी बाहेर ठेवलेल्या पोळीपेक्षा लवकर कडक होते ती त्यामुळेच.) गुळाची दशमी आणखी टिकते, कारण गूळही पाणी धरून ठेवतो.

‘वाफ जाऊ दे, मग डबा लाव’ हे आईचं पालुपद मी लहानपणापासून ऐकत आले आहे. गरम पोळीवर झाकण लावलं की वाफ वर जाते, गार झाकणाला टेकून तिचे थेंब होतात आणि ते पोळीवर पडतात. भाजताना घालवलेलं पाणी आपणच परत आणून टाकतो, तेही वरच्या थरावर, जिथे हवेतली बुरशी बसणार असते. अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गरमागरम गुंडाळलं तरी हेच होतं. सुती फडकं बरं, ते ओल शोषून घेतं. पोळ्या जाळीवर पसरून पूर्ण निवू द्याव्यात. दहा-पंधरा मिनिटं उशिरा निघालं तरी चालेल.

पाणी सुटण्याचा दुसरा मार्ग मीठ. कोशिंबिरीत घरून मीठ घालून नेलं की काकडीच्या पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि तळाशी तळं साचतं. काकडी अख्खी न्यावी, तिथे चिरावी, मीठही तिथेच घालावं. सँडविच न्यायचंच असेल तर ब्रेडच्या दोन्ही तुकड्यांना लोणी अगदी काठापर्यंत लावावं. लोण्याच्या थरातून टोमॅटोचं पाणी सहज आत मुरत नाही. उकडलेला बटाटा हाताने कुस्करून भरलेलं सँडविच मी नेत नाही. सुमारे तीस टक्के लोकांच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस मुक्कामाला असतो, तिथून तो हातावर येतो, हातावरून बटाट्यात. त्याचंही विष उकळून जात नाही.

दहीभाताबद्दल मला नेहमी विचारतात. मुरलेलं, आंबट दही भरपूर घालून केलेला आणि फ्रीजमध्ये गार केलेला दहीभात साध्या भातापेक्षा खूप सुरक्षित असतो, कारण आम्लात बॅसिलस सीरियसची वाढ अडते. आपल्याकडे भातात दूध आणि चमचाभर विरजण घालून नेतात, जेवणाच्या वेळेपर्यंत दही लागावं म्हणून. चव फार सुरेख येते. पण आंबटपणा चढेपर्यंतचे काही तास शर्यत उघडी असते, आणि ती कोण जिंकेल ते आपल्या हातात नसतं. उन्हाळ्याच्या सहलीला मी ती युक्ती वापरणार नाही.

आता गाडी. काचेतून आत आलेलं ऊन सीट आणि डॅशबोर्ड शोषून घेतात, त्यांच्यामुळे आतली हवा तापते आणि ती बाहेर जाऊ शकत नाही. 2005 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हात उभ्या बंद गाड्यांचं तापमान तासाभरात सरासरी 22 अंशांनी वाढलेलं आढळलं. त्यातली ऐंशी टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती. काचा थोड्या खाली ठेवूनही विशेष फरक पडला नाही. याच कारणासाठी मुलाला गाडीत क्षणभरही एकटं सोडू नये. डब्यालाही तोच न्याय. डबा मागच्या काचेजवळ न ठेवता पुढच्या सीटखाली, सावलीत ठेवावा आणि त्याच्याबरोबर बर्फ असावा.

बर्फासाठी पैसे खर्चायची गरज नाही. आदल्या रात्री पाण्याच्या एक लिटरच्या बाटल्या फ्रीजरमध्ये ठेवायच्या. भरताना वर दहावा भाग रिकामा सोडायचा, कारण गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं. एक किलो बर्फ नुसता वितळायला 334 किलोज्यूल उष्णता खातो. तेवढ्या उष्णतेत शून्य अंशाचं एक किलो पाणी ऐंशी अंशांपर्यंत तापलं असतं. आणि एवढी उष्णता पिताना बर्फाचं स्वतःचं तापमान शून्यावरून हलत नाही. हिशेब केला तर बाहेरची ऊब आत शिरली नाही असं धरून एक बाटली चार किलोंहून अधिक अन्न वीस अंशांनी थंड करू शकेल. पण ऊब शिरतेच. म्हणून अन्न रात्रीच फ्रीजमध्ये गार करावं, म्हणजे बर्फाची सगळी ताकद बाहेरची ऊब थोपवायला राहते. थर्मोकोलचं खोकं किंवा जाड अस्तराची पिशवी घ्यावी आणि बाटल्या अन्नाच्या वर ठेवाव्यात, कारण गार हवा जड असते, खाली उतरते. बाटलीला घाम येतो, तेव्हा तिला नॅपकिन गुंडाळावा.

पूर्वी लोक प्रवासात छागल नेत. कॅनव्हासच्या पिशवीतून पाणी झिरपायचं, त्याची वाफ व्हायची आणि आतलं पाणी गार राहायचं. नाशिकच्या कोरड्या एप्रिलमध्ये ओल्या फडक्याने हे आजही साधतं. कसारा उतरून खाली गेलं की हवा दमट होते, बाष्पीभवन मंदावतं आणि तेच फडकं फारसं काम करत नाही. घाटाखालच्या पार्कला जाताना त्यावर विसंबू नये.

फळांत द्राक्षं आपल्या घरचीच. एप्रिलपर्यंत बाजारात असतात, आंबट असतात, आणि मण्यावर मेणाचा पातळ थर असतो, ज्याला बागाईतदार लस्टर म्हणतात. तो थर मण्याचं पाणी आत राखतो. धुवून, पुसून, गोठवून नेली तर ती स्वतःच बर्फाचं काम करतात. पाच वर्षांखालच्या मुलाला मात्र अख्खा मणी देऊ नये, तो घशात अडकू शकतो. उभे चार तुकडे करून द्यावेत. तेलकट खाणं पोटातून हळू पुढे सरकतं, म्हणून गरगर फिरणाऱ्या पाळण्यांआधी तळलेलं नको. आणि पाण्यात खेळतानाही घाम येतो, तेव्हा मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत दुपारभर थोडं थोडं पाजत राहावं.

यंदा पुन्हा त्याच पार्कला गेलो. एकच्या ठोक्याला बाहेर येऊन पिशवी उघडली, तेव्हा बाटलीत मुठीएवढा बर्फ शिल्लक होता. गार दहीभात आधी संपवला, मग द्राक्षं. बाटलीतलं पाणी मुलांनी वाटून प्यायलं. सुकं ते परतीसाठी ठेवलं. घाट चढून इगतपुरीला गाडी थांबवली, तेव्हा वारं सुटलं होतं. आईने पहाटे जाळीवर निववलेल्या सहा दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी उरली होती, ती बॉनेटवर फडकं पसरून आम्ही सात जणांनी खाल्ली.