डब्यातल्या बिटाचं लाल पाणी

माझे थोरले दीर तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे. चवथीला बोटीवरून घरी आले तेव्हा त्यांच्या बॅगेतून बिटाच्या फोडींचा एक डबा निघाला. "बोटीवर ताजी भाजी संपली की आम्ही हेच खातो. यात काही सत्त्व उरतं, की नुसता चोथा?" त्यांनी मला विचारलं. मी डबा उघडला, फोडी चाळणीत ओतल्या आणि खाली वाडगं धरलं. वाडगं गडद लाल पाण्याने भरलं. उत्तर निम्मं तरी त्या वाडग्यातच होतं.

बिटाचा लाल रंग पाण्यात विरघळतो. बिटातलं फोलेट (एक ब जीवनसत्त्व), क जीवनसत्त्व आणि पोटॅशियम यांचंही तसंच आहे. रंग ज्या वाटेने बाहेर पडला, त्याच वाटेने तीही पडतात. अमेरिकेच्या कृषी खात्याचे पोषणतक्ते पाहिले तर 100 ग्रॅम उकडलेल्या बिटात सुमारे 80 मायक्रोग्रॅम फोलेट आहे. डब्यातल्या, पाणी निथळून घेतलेल्या बिटात ते 30 च्या आसपास येतं. पोटॅशियमही साधारण निम्म्यावर उतरतं. वाढतं ते सोडियम, कारण डब्यातल्या पाण्यात मीठ घातलेलं असतं. उकडलेल्या गाजरात सुमारे 58 मिलिग्रॅम सोडियम, तर मिठाच्या पाण्यातल्या डबाबंद गाजरात 240 च्या घरात. रक्तदाब असलेल्या माणसाने डब्यावरची बारीक अक्षरं वाचायला हवीत ती याचसाठी.

यात कारखानदाराचा हात आखडता आहे असं मात्र नाही. कंदमुळं मातीतून येतात, आणि मातीत क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असतात. पाणी 100 अंशांवर बराच वेळ खळखळलं तरी ते तग धरू शकतात, आणि पुढे हवाबंद डब्यात प्राणघातक विष तयार करू शकतात. कैरीच्या लोणच्यात आंबटपणा त्यांना रोखतो, सामू (pH, आंबटपणाचं माप; जितका कमी तितकं आंबट) 4.6 च्या खाली असला की त्यांची वाढ होत नाही. बीट, गाजर, रताळं यांत तेवढा आंबटपणा नसतो. म्हणून बंद डबे दाबाखालच्या वाफेत 121 अंशांच्या आसपास तापवावे लागतात. एवढ्या उष्णतेत क जीवनसत्त्व आणि थायमिन (ब1 जीवनसत्त्व) यांचा बराच भाग जातो. कंदमुळं घरीच बाटलीत उकळून, झाकण घट्ट लावून टिकवण्याचे व्हिडिओ हल्ली फिरतात. कळकळीने सांगते, त्या वाटेला जाऊ नका.

पण उष्णता नुसती नेतच नाही. कच्च्या गाजरातलं बीटा कॅरोटिन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, पेशींच्या भिंतीआड अडकलेलं असतं. शिजल्यावर त्या भिंती सैल होतात आणि ते अंगी लागणं सोपं जातं, मग गाजर पातेल्यातलं असो की डब्यातलं. कॅरोटिन पाण्यात नाही, तर तेलात विरघळतं, म्हणून डब्यातल्या पाण्यात ते फारसं उतरत नाही. ते अंगी लागायला सोबत थोडी स्निग्धता मात्र लागते.

इथे मला आमचं गोव्याचं खतखतं आठवतं, कंदमुळांची रसभाजी. सुरण, माडी (अळूचा कंद), कणगी (एक लहान कंद), रताळं, मुळा, हल्ली गाजरही; वर वाटलेला नारळ आणि तिरफळं. वाटपातला नारळ ती स्निग्धता देतो. शिवाय त्यात निथळून फेकायचं काहीच नसतं. भाज्यांतून जे पाण्यात उतरलं, ते रस म्हणून पानातच येतं. उकडलेलं आणि डबाबंद यांची तुलना करताना आपण विस्तवाकडेच बघत बसतो. मी आधी विचारेन, पाण्याचं काय केलं? गाजराचे बारीक तुकडे भरपूर पाण्यात उकडून ते पाणी मोरीत ओतलं, तर आपण घरीच डब्यासारखा तोटा करून घेतो. बीट सालासकट, अख्खं, देठ थोडा ठेवून कुकरला लावलं की रंग आत राहतो आणि फोलेटही जास्त वाचतं.

सुरण आणि माडी यांचा न्याय वेगळा. त्यांत ऑक्झलेट असतं, मूतखड्याला हातभार लावणारं, आणि त्यातलं विरघळणारं ऑक्झलेट उकडताना पाण्यात उतरतं. मूतखड्याचा त्रास असलेल्या घरात ते पाणी टाकलेलंच बरं.

डब्याची बाजूही सांगायला हवी. डबा बंद झाल्यावर आत उरलेली सत्त्वं पुष्कळ महिने टिकतात. तंतू, पिष्ट आणि कॅरोटिन बोटीवरच्या माणसाला त्यातूनच मिळतं, आणि काहीच भाजी नसण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं. दिरांना मी म्हटलं, मिळाला तर बिनमिठाचा डबा घ्या, आणि त्यातलं पाणी सूपमध्ये घाला. गोव्यात असताना मात्र म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मातीसकट कणगी मिळत असताना डब्याकडे वळायचं मला तरी कारण दिसत नाही.

वाडग्यातलं ते लाल पाणी रात्रीच्या आमटीत गेलं. मीठ वेगळं घातलं नाही.