प्रमाणीकरण प्लगइनची जुळणी, डेटाबेसमधील

वेब ॲप्लिकेशन डेटाबेसशी जोडले जाताना पासवर्डची पडताळणी करणारा प्लगइन (मूळ सॉफ्टवेअरला जोडलेला छोटा भाग) दोन्ही बाजूंना समजणारा नसेल, किंवा समजूनही त्याच्या अटी पूर्ण होत नसतील, तर सर्व्हर जोडणी नाकारतो. हा बिघाड शोधून दूर करण्याची पद्धत येथे मायएसक्यूएल या डेटाबेस सर्व्हरपुरती दिली आहे. ग्रामीण विदर्भात जिनिंगचा काटा, बाजार समिती किंवा शेतकरी उत्पादक कंपनीचे कार्यालय अशा ठिकाणी एकाच संगणकावर सर्व्हर चालत असेल, तर या बिघाडाला एक वेगळे वळण मिळते.

पडताळणी प्लगइनकडे सोपवण्याची सोय मायएसक्यूएल ५.५ पासून आहे. ८.० आवृत्तीत (एप्रिल २०१८) ‘नेटिव्ह पासवर्ड’ हा शा-१ या पासवर्ड सांकेतिक करण्याच्या जुन्या पद्धतीवर आधारलेला प्लगइन मागे पडून शा-२५६ ही नवी पद्धत वापरणारा ‘कॅशिंग शा-२ पासवर्ड’ मूळ निवड म्हणून आला. वेब ॲप्लिकेशन लिहिण्याच्या पीएचपी या भाषेच्या जुन्या आवृत्त्यांना तो ओळखता येत नाही. पीएचपीत त्याची सोय केव्हा झाली, याबाबत मते जुळत नाहीत. सर्वसाधारणपणे ७.४ (नोव्हेंबर २०१९) ही आवृत्ती सांगितली जाते; पीएचपीची अधिकृत पुस्तिका मात्र पूर्ण आधार ७.४.४ पासून मानते. दुरुस्ती करताना दुसरे मत धरलेले बरे.

याहून फसवा प्रकार जावा ॲप्लिकेशनमध्ये आढळतो. नवा प्लगइन खात्याची पहिली यशस्वी पडताळणी मेमरीत साठवतो आणि पुढच्या जोडण्या त्या साठ्यावरून झटपट मंजूर करतो. पहिल्या, पूर्ण पडताळणीला मात्र टीएलएस (सांकेतिक, सुरक्षित जोडणी), सर्व्हरच्याच यंत्रावरील सॉकेट (आतली थेट जोडणी) किंवा पासवर्ड सांकेतिक करून पाठवण्यासाठी सर्व्हरची आरएसए सार्वजनिक चावी लागते. सर्व्हर बंद पडला की साठा पुसला जातो. म्हणून ज्या ॲप्लिकेशनच्या जोडणी-ओळीत (डेटाबेसचा पत्ता व अटी सांगणाऱ्या ओळीत) एसएसएल, म्हणजे टीएलएसच, बंद ठेवलेले आहे आणि चावी मागवण्याची परवानगीही नाही, ते ॲप्लिकेशन महिनोन्महिने सुरळीत चालते आणि एके दुपारी लाईन जाऊन आली की अडते. कापसाच्या हंगामात गाड्या रांगेत उभ्या असताना काट्यावरचा ऑपरेटर म्हणतो, ‘काल तं चालू होतं, काहीच बदललं नाही.’ त्याचे म्हणणे अक्षरशः खरे असते. यूपीएस, केबल किंवा पासवर्ड यांवर संशय घेऊन वेळ घालवण्याआधी सर्व्हर पुन्हा सुरू झाला होता का, हे पाहावे.

कोणी सर्व्हरवर बसून त्याच खात्याने लॉगिन केले की ॲप्लिकेशन आपोआप सुरू होते. त्यामुळे बिघाड ‘गेला’ असे वाटते. तो पुढच्या भारनियमनापर्यंत लपलेला असतो. हा उपायही नेहमी लागू पडत नाही. मायएसक्यूएलमध्ये नाव एकच असले, तरी ‘लोकलहोस्ट’ (सर्व्हरचे स्वतःचे यंत्र) आणि ‘टक्के’ चिन्ह (कुठलाही संगणक) अशा दोन यजमानांची, म्हणजे जोडणी जिथून येते त्या ठिकाणांची, खाती स्वतंत्र असतात; त्यामुळे सर्व्हरवर केलेले लॉगिन ॲप्लिकेशनच्याच खात्याचे असेल असे नाही. त्यांचे प्लगइनही वेगळे असू शकतात. म्हणून ‘यूजर’ तक्त्यातील नाव, यजमान आणि प्लगइन हे तिन्ही स्तंभ एकत्र वाचावेत.

उपायांबाबत दोन पंथ आहेत. खाते जुन्या प्लगइनवर परत नेणे सोपे आहे आणि बराच काळ तेच सुचवले गेले. पण ८.४ मध्ये (एप्रिल २०२४) तो प्लगइन मुळातच बंद ठेवला गेला आणि ९.० मधून (जुलै २०२४) काढून टाकला गेला. त्यामुळे क्लायंट (ॲप्लिकेशनमधील सर्व्हरशी जोडणी करणारा भाग) अद्ययावत करून टीएलएस चालू करणे अधिक टिकाऊ. निव्वळ चावी मागवण्याची परवानगी दिल्यानेही काम भागते. मात्र जोडणीच्या मध्ये कोणी शिरला तर तो स्वतःची चावी पुढे करू शकतो. म्हणून बाहेरच्या नेटवर्कवर हा मार्ग टाळावा.

वेब सर्व्हर व डेटाबेस एकत्र देणाऱ्या झॅम्प या संचात २०१५ पासून मायएसक्यूएलऐवजी मारियाडीबी हा त्यातूनच फुटलेला डेटाबेस येतो, पण नियंत्रण पटलावर जुनेच नाव दिसते. मारियाडीबीत नेटिव्ह पद्धत चालू असल्याने गावातल्या संगणकावर हा बिघाड उमटत नाही. तेच ॲप्लिकेशन मायएसक्यूएल ८ असलेल्या सर्व्हरवर हलवले की तो दिसू लागतो. यासाठी पटलावरच्या नावापेक्षा आवृत्ती विचारणाऱ्या क्वेरीचे उत्तर प्रमाण मानावे.