दोन वर्षांचा करार, पण बिल दोन वर्षं तेच नाही

ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्या आपल्या मुलांना कोणीतरी हमखास सांगतं, ‘२४ महिन्यांचा मोबाइल करार केलास ना, मग दोन वर्षं बिल वाढायचं नाही.’ हे खरं नाही. करार तुम्हाला बांधतो; दरवाढीचं कलम बहुतेक वेळा त्यातच असतं. २०२३च्या मार्च-एप्रिलमध्ये काही मोठ्या कंपन्यांनी महागाईचा १०.५ टक्के दर अधिक ३.९, म्हणजे १४.४ टक्के वाढ केली. २० पौंडांचं बिल २२ पौंड ८८ पेन्सवर गेलं, तेही करार चालू असताना. मला हा सरळ अन्याय वाटतो, पण ते नियमात बसत होतं.

आता ऐकू येतं की ऑफकॉम या नियामकाने ही वाढ बंदच केली. बंद झाली ती महागाईशी जोडलेली वाढ, आणि तीही १७ जानेवारी २०२५पासूनच्या नव्या करारांत. किती पौंड-पेन्स आणि कधीपासून वाढणार, हे सही करण्याआधी स्पष्ट सांगितलं तर वाढ आजही चालते. म्हणून मासिक आकड्याखालची बारीक ओळ वाचा. ‘एप्रिलपासून’ हा शब्द बहुधा तिथेच सापडतो. करारात नसलेली वाढ लादली, तर कंपनीला महिनाभर आधी कळवावं लागतं आणि तुम्हाला दंड न भरता बाहेर पडता येतं.