बिजिन-गा

बिजिन-गा म्हणजे शब्दशः 'सुंदर बायकांची चित्रं', पण नावावर जाऊ नका. जपानमधे एदो काळात (१६०३–१८६८) लाकडी ठशांवरून छापलेल्या उकियो-ए चित्रांचा हा एक मोठा प्रकार, आणि त्यात बायका केस विंचरतायत, शिवतायत, पोराला पाजतायत, मच्छरदाणी लावतायत असलं रोजचंच भरपूर दिसतं.

आधी छपाई एकदोन रंगांतच व्हायची. १७६५ मधे हौशी लोकांच्या सचित्र कॅलेंडरांसाठी सुझुकी हारुनोबूने बरेच रंग वापरले आणि निशिकी-ए म्हणजे किनखापासारखी रंगीत चित्रं सुरू झाली. चित्रकार फक्त रेखाटन द्यायचा, ते चेरीच्या फळीवर उलटं चिकटवून कारागीर कोरायचा (मूळ चित्र तिथेच संपलं!), मग जवळपास प्रत्येक रंगाची वेगळी फळी, आणि छापणारा कागद कोपऱ्यातल्या खाचेत बसवून मागून हाताने घासायचा, प्रेस वगैरे काही नाही. नाव मात्र चित्रकाराचंच झालं.

यातला सगळ्यात गाजलेला कितागावा उतामारो (मृत्यू १८०६). त्याचं स्वयंपाकघराचं चित्र बघाच, एक बाई फुंकणीने चूल पेटवतेय, धुराने दुसरीचं तोंड वाकडं झालंय, तिसरी वांगं सोलतेय आणि पोर तिच्या पाठीवर लोंबकळतंय. तरी केस मात्र सगळ्यांचे चापूनचोपून, तेवढं सोडून द्यायचं.

ओकिता ही चहाच्या दुकानातली मुलगी त्याची आवडती मॉडेल. १७९३ च्या सुमारास सरकारने अशा साध्या मुलींची नावं छापायला बंदी घातली तर याने नावाचं चित्रकोडं केलं: भाजीच्या दोन जुड्या (ना-नि-वा), बाण (या), समुद्र (ओकि), भातशेत (ता), झालं नानिवाया (तिच्या दुकानाचं नाव) ओकिता! पुढे त्यावरही बंदी आली. १८०४ मधे मात्र हिदेयोशी या जुन्या सत्ताधीशाची चित्रं काढली म्हणून उतामारोला ५० दिवस बेड्या पडल्या.

बऱ्याच चित्रांतल्या बायका योशिवारा या वेश्यावस्तीतल्या आहेत, त्यांतल्या कितीतरी लहानपणीच घरच्यांनी पैशापायी तिथे दिलेल्या, पण ते या चित्रांत जवळजवळ कुठेच येत नाही, दिसतो तो किमोनो आणि कंगवा.

१८९० मधे पॅरिसच्या प्रदर्शनात मेरी कसाट या अमेरिकन चित्रकर्तीने अशी छापील जपानी चित्रं पाहिली आणि लगेच १० रंगीत प्रिंट्स केल्या, धातूच्या प्लेटवर, पण विषय तेच, पोराची आंघोळ, केस बांधणं, पाकीट चिकटवणं.