मोटरहोमची टाकी रिकामी केली, तरी लाल दिवा का?
आई-वडिलांना घेऊन निघणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

आमच्याकडून मोटरहोम, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, भाड्याने नेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी फोन येतो, बहुतेक वेळा रात्री. “अहो, सकाळीच टाकी रिकामी केली, तरी टाकी भरल्याचा लाल दिवा लागलाय.” मी आधी विचारतो, “सोबत आई-बाबा आहेत का?” पलीकडे क्षणभर शांतता. “आहेत. का?”

या ‘का’चं उत्तर फोनवर द्यायला पंधरा मिनिटं लागतात, आणि ते ऐकणारा बिचारा अंधारात टॉर्च धरून गाडीखाली वाकलेला असतो. म्हणून हे पत्रक. गॅस, वीज, गाडीची उंची, मागे घेताना काय बघायचं, हे सगळं गाडीतल्या फायलीत आहे. इथे फक्त टाकीचं आणि आई-बाबांचं.

गाडीत टाक्या तीन असतात हे तुम्हाला ठाऊक असेलच. एक स्वच्छ पाण्याची. दुसरी सिंक आणि शॉवरच्या सांडपाण्याची. तिसरी टॉयलेटची, म्हणजे मैल्याची. तक्रारी जवळजवळ सगळ्या तिसऱ्या टाकीच्या येतात, आणि त्यांतल्या बहुतेकांचं मूळ एकच असतं: टॉयलेटमध्ये पुरेसं पाणी सोडलेलं नसतं.

घरी फ्लश केलं की सगळं पाइपातून वाहून जातं. गाडीत कुठे जाणार? भांड्याच्या बरोबर खाली टाकी, त्यात ते पडतं आणि पुढचे दोन-तीन दिवस तुमच्याबरोबरच फिरतं. टाकीत भरपूर पाणी असेल तर मैला त्यात विरघळतो, गाडीच्या हालचालीने घुसळला जातो आणि टाकी रिकामी करायचा व्हॉल्व्ह उघडला की एका लोंढ्यात बाहेर पडतो. पाणी कमी असेल तर भांड्याखाली ढीग साचतो. वर कागद, त्यावर पुन्हा ढीग. मग व्हॉल्व्ह उघडला की पाणी तेवढं निघून जातं आणि ढीग जागेवर राहतो. एक-दोन दिवसांत तो इतका घट्ट होतो की पाइपाने पाण्याचा मारा केला तरी हलत नाही.

लाल दिव्याचं कारणही हेच. टाकीच्या भिंतीला वेगवेगळ्या उंचीवर धातूची छोटी बटणं बसवलेली असतात. पाणी तिथवर पोचलं की त्यांच्यात वीज वाहते आणि पॅनेलवर दिवा लागतो. ओला कागद किंवा मैला त्या बटणांना चिकटून राहिला तरी वीज वाहतेच. सेन्सरला बिचाऱ्याला पाणी कुठलं आणि चिकटलेला कागद कुठला हे कळत नाही. म्हणजे दिवा लाल असूनही टाकी जवळपास रिकामी असू शकते, किंवा तळाशी ढीग बसलेला असू शकतो.

आता आई-बाबांचा संबंध. हे मी ग्राहकांकडून नाही, स्वतःच्या आईकडून शिकलो. पहिली गाडी घेतली त्या वर्षी तिला चार दिवस फिरवून आणलं. परत आल्यावर टाकी साफ करायला मला अख्खी सकाळ लागली. तिला विचारलं तर म्हणाली, “तूच म्हणालास ना पाणी जपून वापर? मी मगभर पाण्यात भागवत होते.” चेहऱ्यावर चांगलाच अभिमान होता. रागवायचं कोणाला? निघताना सगळ्यांसमोर “पाणी मोजकंच आहे, जपून” असं मीच सांगितलं होतं. मुलांनी ते ऐकून सोडून दिलं. आईने शब्दशः पाळलं.

त्यानंतर बऱ्याच कुटुंबांत हेच पाहिलं. तरुण मंडळी पाणी बदाबदा वापरतात, शॉवरखाली उभी राहतात आणि सांडपाण्याची टाकी दीड दिवसात भरतात. वडीलधारी माणसं काटकसर करतात आणि मैल्याची टाकी तुंबवतात. हेतू त्यांचा चांगला असतो, चूक सूचनेत होती. आमचा जुना स्टिकर म्हणायचा, ‘पाणी जपून वापरा’. तो आता काढून टाकलाय. नवीन स्टिकर दोन आहेत. शॉवर आणि सिंकवर लिहिलंय, ‘इथे पाणी वाचवा’. टॉयलेटवर लिहिलंय, ‘इथे वाचवू नका’. अक्षरं मुद्दाम मोठी ठेवली आहेत, चष्मा नसला तरी दिसतील अशी.

मग नेमकं करायचं काय? निघण्याआधी रिकाम्या टाकीत आम्ही दहा लिटर पाणी आणि टाकीचं औषध, म्हणजे मैल्यासाठीचं रसायन, घालून देतो. वाटेत टाकी रिकामी केलीत की दर वेळी हे तुम्ही पुन्हा घालायचं. सगळे इथेच विसरतात, कारण टाकी रिकामी करण्याचं काम एकदाचं उरकलं की तिथून पळावंसं वाटतं. औषधाच्या पुरेशा बाटल्या टॉयलेटखालच्या कप्प्यात ठेवलेल्या असतात. परत आल्यावर त्या न उघडलेल्या दिसल्या की पुढे काय वाढून ठेवलंय ते मला कळतं.

आमच्या गाड्यांतलं टॉयलेटचं पेडल अर्धं दाबलं की भांड्यात नुसतं पाणी येतं, पूर्ण दाबलं की तळाची झडप उघडते. शौचाला बसण्याआधी अर्धं पेडल दाबून भांडं निम्मं भरून घ्या. झाल्यावर पूर्ण दाबा आणि मनात पाच अंक मोजेपर्यंत पाय उचलू नका. आई-बाबांना हे तोंडी सांगू नका, करून दाखवा. गुडघे दुखत असतील तर पेडल दाबून धरणं त्यांना जड जातं, आणि ही गोष्ट ते कधी बोलून दाखवत नाहीत. अशा वेळी जवळ पाण्याची बादली आणि मोठा मग ठेवा. पेडल क्षणभर दाबून वरून दोन मग ओतले तरी काम होतं.

छताचा पंखा चालू असेल तर झडप उघडण्याआधी तो बंद करा. पंखा आतली हवा बाहेर ओढतो, आणि झडप उघडी असली की टाकीतली हवाही त्याच वाटेने वर येते. “गाडीला वास येतो” या तक्रारींतल्या निम्म्या इथेच मिटतात.

टॉयलेटमध्ये काय टाकायचं नाही ते थोडक्यात सांगतो. वेट वाइप्स, म्हणजे पुसायचे ओले रुमाल, टाकू नका, पाकिटावर ‘फ्लश करता येते’ असं छापलेलं असलं तरी नाही. पॅड, डायपर, कापूस नाही. कागद लवकर विरघळणाराच हवा. शंका असेल तर काचेच्या बरणीत पाणी घ्या, त्यात कागदाचे दोन तुकडे टाका आणि हलवा. चिंध्या होऊन पसरला तर चालेल, अखंड राहिला तर नको. रात्री डायपर लागत असेल तर त्यासाठी घट्ट झाकणाचा डबा आम्ही वेगळा देतो. मागायला संकोच वाटतो असं लक्षात आल्यापासून न मागताच टॉयलेटच्या दारामागे ठेवतो.

एखाद्या कॅम्पिंगच्या तळावर दोन-तीन दिवस मुक्काम असला आणि गाडी तिथल्या गटाराच्या लाइनला जोडली, की काही जण मैल्याचा व्हॉल्व्ह उघडाच सोडतात. त्यांना वाटतं, भरण्याची भानगडच नको. पण तसं केलं की पाणी येईल तसं निघून जातं आणि ढीग साचायला रान मोकळं मिळतं. सांडपाण्याचा व्हॉल्व्ह उघडा ठेवलात तर चालेल. मैल्याचा मात्र बंदच ठेवा आणि टाकी किमान दोन तृतीयांश भरल्यावरच उघडा. वजन असलं की लोंढा जोरात येतो. रिकामी करताना आधी मैल्याची टाकी, मग सांडपाण्याची. साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुऊन निघतो. सांडपाण्याचा व्हॉल्व्ह उघडा ठेवला असेल तर आदल्या दिवशी बंद करा, म्हणजे धुवायला पाणी शिल्लक राहील. हातमोजे घाला आणि पिण्याच्या पाण्याच्या पाइपला त्या हातांनी शिवू नका.

एवढं करूनही दिवा लाल राहिला तर घाबरून जाऊ नका. मैल्याच्या टाकीत पाणी सोडा. थोडंथोडकं नको, निम्मी टाकी भरेल इतकं. औषधाची एक बाटली टाका, व्हॉल्व्ह बंद ठेवून गाडी दिवसभर चालवा आणि मुक्कामाच्या ठिकाणी रिकामी करा. वळणावळणाचा रस्ता असेल तर उत्तमच. बर्फाचे तुकडे टाकून गाडी चालवा असा सल्ला पुष्कळ जण देतात. मी करून पाहिलंय, बर्फ लवकर विरघळतो आणि काम शेवटी पाणीच करतं. काठी किंवा तार घालू नका, झडपेचं रबर कापलं जातं. उकळतं पाणी आणि ॲसिडही नको.

आणखी एक गोष्ट टाकीइतकीच महत्त्वाची आहे. टॉयलेटला जावं लागू नये म्हणून आई-बाबा पाणी पिणंच कमी करतात. “मला तहानच नाही” हे त्यांचं ठरलेलं उत्तर. वयाबरोबर तहान कमी जाणवते हे खरं आहे, पण शरीराची पाण्याची गरज काही तेवढी कमी होत नाही. मग चक्कर, बद्धकोष्ठता, लघवीची जळजळ. सहल तिथेच आटोपते. डॉक्टरांनी पाण्याचं प्रमाण ठरवून दिलं नसेल तर त्यांच्या हाताशी भरलेली बाटली ठेवा आणि ती रिकामी होते का यावर नजर ठेवा.

आणि गाडीत टॉयलेट आहे म्हणून चालत्या गाडीत कोणालाही उठू देऊ नका. “मागे आहे ना, जाऊन या” असं सहज म्हटलं जातं. एवढी जड गाडी अचानक थांबली की उभा माणूस पुढे फेकला जातो आणि सत्तरीनंतर मोडलेलं हाड सहज जुळून येत नाही. गाडी चालू तोवर पट्टा बांधलेला. म्हणूनच दर दोन तासांनी थांबा. उतरून पाच-दहा मिनिटं चालले की पायांतलं रक्तही फिरतं, नाहीतर बसून बसून पाय सुजतात आणि कधी शिरेत गुठळीही होते. दिवसाचं अंतर ठरवताना नकाशावरच्या वेळेत हे थांबे धरत चला. दुपारनंतर चार तास सलग गाडी हाणायचा बेत आई-बाबांसोबत जमत नाही.

आता आमच्या दोन पद्धतींविषयी, कारण त्यांवर कुरकुर होते. एक म्हणजे गाडी नेण्याआधीचं पाऊण तासाचं प्रात्यक्षिक. “आम्ही आधी नेली आहे हो, माहीत आहे सगळं,” असं ऐकतो. तुम्हाला माहीत असेल, आईला नसतं. म्हणून आई-बाबा सोबत असतील तर त्यांनाही आणा. टॉयलेटचा भाग मी त्यांनाच दाखवतो, आणि हवं असेल तर आमच्या घरातली बाईमाणसं दाखवतात. दुसरी म्हणजे तुंबलेल्या टाकीचे पैसे अनामत रकमेतून कापणं. एकदा एक कुटुंब दुपारी बाराला गाडी देऊन गेलं. टाकी रिकामी केल्याचं त्यांनी सांगितलं, ते खरंही होतं, फक्त पाणी निघालं होतं. ढीग फोडायला मला साडेतीन तास लागले. दोनला गाडी न्यायला आलेलं कुटुंब आजीला चाकाच्या खुर्चीत घेऊन अंगणात बसलं होतं. त्या आजींनी एका शब्दाने तक्रार केली नाही, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. पैसे कापतो ते त्या तासांचे. तुम्ही औषधाच्या रिकाम्या बाटल्या दाखवल्यात तर मात्र एक पैसाही कापत नाही, टाकी तुंबलेली असली तरी.

गाडी निवडताना मुलं बघतात की झोपायला किती जणांची सोय आहे. पाच जण, पाच जागा, झालं. पण त्यांतली एक जोडी चालकाच्या डोक्यावरच्या पलंगाची असते आणि तिथे शिडीने चढावं लागतं. दुसरी जेवणाचं टेबल खाली करून होते, म्हणजे आईला झोप आली तरी बाकीचे उठेपर्यंत थांबावं लागतं. आई-बाबा असतील तर मागे कायमचे दोन पलंग असलेली आमची मधली गाडी घ्या. पलंगापासून टॉयलेट तीन पावलांवर आहे, मध्ये पायरी नाही आणि रात्री जमिनीलगत मंद दिवा राहतो. मोठी गाडी महाग आहे म्हणून ती चांगली असेल असं नाही. तिच्यात पलंगाकडे जायला दोन पायऱ्या आहेत.

इन्सुलिन असेल तर फ्रिजमध्ये दाराच्या कप्प्यात ठेवा, मागच्या भिंतीला टेकवून नको. तिथे ते गोठतं आणि गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं. रात्री श्वासाचं यंत्र लागत असेल तर आम्हाला आधी कळवा. त्यातलं पाणी तापवणारं उपकरण बंद ठेवलं तर बॅटरीवर रात्र निघते, चालू ठेवलं तर पहाटे यंत्र बंद पडू शकतं. त्या गाडीला आम्ही दुसरी बॅटरी जोडून देतो.

दाराजवळचा दांडा, बाहेर ठेवायची जादा पायरी आणि टॉयलेटवर बसवायची उंच बैठक, या तिन्हींचे वेगळे पैसे नाहीत, फक्त दोन दिवस आधी सांगा. प्रात्यक्षिकाला येताना आई-बाबांना प्रवासात वापरणार तेच जोडे घालून आणा. जादा पायरीची उंची आम्ही त्यांना दोनदा चढवून-उतरवून बसवतो.