ईस्ट फेसिंग फ्लॅट आणि सरकती उत्तर

फ्लॅट बघायला आलेली मंडळी हॉलमध्ये शिरतात आणि कुणीतरी मोबाइलवर कंपास उघडतं. एजंटने ‘ईस्ट फेसिंग’ सांगितलेलं असतं, त्याची खात्री करायची असते. मुंबईत मात्र ईस्ट-वेस्ट आधी रेल्वेचे रूळ ठरवतात, मग सूर्य. चर्चगेट ते बोरिवली गाडी ढोबळमानाने उत्तरेला जाते, तोवर हिशेब जमतो. मध्य रेल्वे कुर्ल्यापुढे ईशान्येला वळते, ठाण्यानंतर तर बरीचशी पूर्वेलाच धावते. त्यामुळे डोंबिवली ईस्ट प्रत्यक्षात रुळांच्या आग्नेयेला आहे.

मग मोबाइलवर विश्वास ठेवायचा का? ठेवावा, पण जागा बघून. त्यातली चिप पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजते, आणि ते फार क्षीण असतं. मुंबईत त्याचा आडवा, म्हणजे जमिनीला समांतर, घटक सुमारे ३८,००० नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) आहे. फ्रिजवर चिकटवायच्या चुंबकाचं क्षेत्र अगदी जवळून याच्या शंभरपट सहज भरतं. पिलरमधल्या सळया, लोखंडी ग्रिल, लिफ्ट हे सगळं त्या चिपला आपल्याकडे ओढतं. भिंतीला टेकून घेतलेली दिशा म्हणूनच भरवशाची नाही. खाली उतरून, गाड्यांपासून लांब, मोकळ्या आवारात मोजावं.

चुंबकीय मोजमाप बिघडण्याचा हा त्रास मुंबईला फार जुना आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा उभारली आणि १८४१ पासून तिथे चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरच्या प्रचंड स्फोटानंतर पृथ्वीवर चुंबकीय वादळ आलं. त्या वेळी कुलाब्याच्या उपकरणांनी आडव्या क्षेत्रात सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घसरण टिपली. त्या वादळाचा जोर ठरवताना जगभरचे शास्त्रज्ञ आजही कुलाब्याचे आकडे काढून बसतात. मला ही नोंद मुंबईच्या मोठ्या वारशांपैकी एक वाटते, आणि ती शाळेत शिकवली जात नाही याचं वाईट वाटतं.

पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. त्यांच्या विद्युतप्रवाहाने वेधशाळेच्या नोंदी बिघडल्या असत्या. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांनी चुंबकीय मोजमाप अलिबागला हलवलं. तेही एकदम नाही. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुने आणि नवे आकडे एकमेकांना जोडता यावेत. या दूरदृष्टीमुळे १८४१ पासूनची साखळी तुटली नाही.

इतकी वर्षं मोजत राहायचं कारण एवढंच, की सुई दाखवते ती उत्तर जागेवर राहत नाही. पृथ्वीच्या बाह्यगाभ्यात वितळलेलं लोखंड सतत वाहतं, तसं क्षेत्र बदलतं. उत्तरेकडचा चुंबकीय ध्रुव १८३१ मध्ये कॅनडाच्या उत्तर भागात सापडला होता. आता तो सायबेरियाच्या दिशेने निघाला आहे, मधली काही वर्षं तर वर्षाला ५० किलोमीटरच्या आसपास वेगाने. म्हणून मोबाइल आणि विमानं वापरतात ते चुंबकीय प्रारूप, म्हणजे या क्षेत्राचं गणिती मॉडेल, दर पाच वर्षांनी सुधारावं लागतं. न्यूयॉर्कमध्ये सुई खऱ्या उत्तरेपासून १२-१३ अंश पश्चिमेला कलते. मुंबईत हा फरक एका अंशाहूनही कमी, म्हणजे फ्लॅटपुरता सोडून द्यावा असा.

सूर्यावरून दिशा ठरवणाऱ्यांनी जास्त जपायला हवं. मुंबईत तो नेमका पूर्वेला उगवतो २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास. जूनअखेरीस तो पूर्वेच्या २५ अंश उत्तरेला असतो, डिसेंबरात तितकाच दक्षिणेला. डिसेंबरात बघितलेल्या बाल्कनीतलं ऊन जूनमध्ये भलत्याच खिडकीतून येतं ते यामुळे.

यंत्राशिवाय उत्तर हवी असेल तर गच्चीवर सरळ काठी उभी करा. दुपारी साडेबाराच्या मागेपुढे सावली सर्वांत आखूड होते, तेव्हा ती उत्तरेकडे रोखलेली असते. अपवाद साधारण १५ मे ते २७ जुलै या काळाचा. तेव्हा माध्यान्हीचा सूर्य मुंबईच्या उत्तरेला असतो आणि ढगांतून ऊन मिळालंच, तर सावली दक्षिणेला पडते.