ईमेल-प्रमाणीकरण

एखाद्या डोमेनच्या (ईमेल-पत्त्यातील @ नंतरच्या भागाच्या) नावाने आलेला ईमेल त्या डोमेनच्या मालकाच्या संमतीनेच निघाला आहे काय, हे स्वीकारणाऱ्या सर्व्हरला पडताळता यावे म्हणून केलेली व्यवस्था. एसपीएफ, डीकिम व डीमार्क ही तिची मुख्य अंगे असून तिन्हींच्या नोंदी डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेन-नावांच्या सार्वजनिक नोंदवहीत) असतात.

ईमेलला दोन प्रेषक-पत्ते असतात. एक जणू पाकिटावरचा, सर्व्हर एकमेकांना सांगतात तो. दुसरा पत्राच्या माथ्यावरचा, वाचणाऱ्याला दिसतो तो. जोनाथन पोस्टेल यांनी ऑगस्ट 1982 मध्ये मांडलेल्या एसएमटीपी या ईमेल पाठवण्याच्या नियमावलीत (आरएफसी 821; आरएफसी म्हणजे इंटरनेटविषयक क्रमांकित दस्तऐवज) यांपैकी कोणताही पत्ता खरा असल्याची खात्री करण्याची सोय नव्हती. तोतया पत्रांचे मूळ येथे आहे.

एसपीएफच्या जनकत्वाबद्दल एकवाक्यता नाही. श्रेय सहसा मेंग वेंग वाँग यांना दिले जाते. तथापि डोमेनने आपले अधिकृत सर्व्हर डीएनएसमध्ये जाहीर करावेत, ही एसपीएफच्या मुळाशी असलेली कल्पना 2000 च्या सुमारास मांडली गेली होती. तिच्याकडे फारसे लक्ष गेले नाही. 2002 मध्ये पॉल व्हिक्सी यांनी तशीच योजना पुढे ठेवली. हाडमुट डानिश यांचा आरएमएक्स व गॉर्डन फेसिक यांचा डीएमपी हे आराखडेही त्याच वळणाचे. वाँग यांनी 2003 मध्ये या दोहोंची सांगड घातली. त्यामुळे त्यांना जनक म्हणण्यापेक्षा संयोजक म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. मायक्रोसॉफ्टच्या पर्यायी योजनेशी एसपीएफचा मेळ घालण्यासाठी इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने नेमलेला मारिड हा कार्यगट सप्टेंबर 2004 मध्ये बरखास्त झाला. पेटंटचा वाद हे त्याचे एक प्रमुख कारण मानतात. अखेर 2006 मध्ये एसपीएफ (आरएफसी 4408) व मायक्रोसॉफ्टचे सेंडर आयडी (आरएफसी 4406) हे दोन्ही प्रायोगिक म्हणून प्रसिद्ध झाले. एसपीएफ पाकीट पाही, सेंडर आयडी माथा. पुढे एसपीएफच टिकले (आरएफसी 7208, 2014).

डीकिममध्ये पाठवणारा सर्व्हर खाजगी किल्लीने पत्रावर अंकीय सही करतो व स्वीकारणारा डीएनएसमधील सार्वजनिक किल्लीने ती तपासतो. याहूचे डोमेनकीज व सिस्कोची एक योजना यांच्या मीलनातून ते घडले (आरएफसी 4871, 2007). 2012 मध्ये गूगलची 512 बिटांची किल्ली फोडता येते, हे झॅकरी हॅरिस या गणितज्ञाने दाखवले. 2018 पासून डीकिमचे मानक किमान 1024 बिट मागते आणि 2048 ची शिफारस करते.

एसपीएफ आणि डीकिम दोन्ही उत्तीर्ण झाले, तरी माथ्यावरचे नाव भलतेच असू शकते. ही फट डीमार्कने (आरएफसी 7489, 2015) बुजवली: दोहोंपैकी निदान एका तपासणीत उत्तीर्ण झालेले डोमेन माथ्यावरच्या डोमेनशी जुळले पाहिजे. न जुळल्यास पत्र तसेच जाऊ द्यावे, संशयित म्हणून बाजूला टाकावे की नाकारावे, हे मालक सांगून ठेवतो. त्याला अहवालही मिळतात.

डीमार्क आरएफसी म्हणून प्रसिद्ध होण्याआधीच वापरात होते. एप्रिल 2014 मध्ये याहूने त्यातील नाकारण्याचे धोरण लागू करताच मेलिंग लिस्टवरून (एक पत्र सर्व सभासदांना धाडणाऱ्या यादीवरून) फिरणारी याहू-सभासदांची अस्सल पत्रे जागोजागी परत येऊ लागली. कारण लिस्ट पाकीट बदलते आणि विषयाच्या ओळीत वा तळाशी भर घातल्यामुळे सहीही मोडते. एआरसी (आरएफसी 8617, 2019) हा त्यावरचा प्रायोगिक तोडगा: मधला सर्व्हर आपल्या तपासणीचा निकाल सहीनिशी पुढे पाठवतो. फेब्रुवारी 2024 पासून गूगल व याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे धाडणाऱ्यांना तिन्ही अंगे सक्तीची केली. गूगलची मर्यादा दिवसाला 5000 पत्रांची आहे.

एखादे अक्षर बदलून घेतलेल्या सारख्या दिसणाऱ्या डोमेनपुढे ही व्यवस्था निरुपयोगी आहे. भामटा त्या डोमेनचा रीतसर मालक असतो, आणि त्याच्या तिन्ही नोंदी बिनचूक असू शकतात.